ऑक्युपायर म्हणून सही करायची आहे. नेमकं काय अंगावर घेते आहे?

सही_बाकी

नमस्कार. प्रश्न लांबलाय, पण मागचं-पुढचं सांगितल्याशिवाय कुणालाच नीट उत्तर देता येणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

मी सीए आहे. नऊ वर्षं घरच्या कंपनीत संचालक आहे, पण माझं काम हिशेब, बँक आणि कर यांच्यापुरतं. आम्ही शीट मेटलचे सुटे भाग बनवतो. प्रेस शॉप (पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस मशीनचा विभाग), वेल्डिंग, पेंटिंग. कायम आणि कंत्राटी मिळून १४० माणसं. आजवर ऑक्युपायर म्हणून, म्हणजे कायद्याने कारखान्याची जबाबदारी ज्याच्या नावावर असते तो म्हणून, मोठ्या काकांचं नाव होतं. वयामुळे ते बाजूला झाले आणि मागच्या मीटिंगमध्ये माझ्या नावाचा ठराव झाला. मला काय करावं लागेल, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "काही नाही, फॉर्मवर सही. बाकी फॅक्टरी मॅनेजर बघतात, शिवाय सेफ्टीचा कन्सल्टंट येतोच."

न समजलेल्या कागदावर सही करायची मला सवय नाही. फॉर्म बॅगेत ठेवला आणि प्रेस शॉपमध्ये गेले. पाहुण्यांना दाखवायला तिथे अनेकदा गेले असेन, एकटी पहिल्यांदाच गेले.

तिसऱ्या प्रेसपाशी थांबले. समोर जाळीचा गार्ड आहे. तो उघडला की मशीन थांबावं म्हणून बाजूला लिमिट स्विच आहे. त्या स्विचचा दांडा तांब्याच्या तारेने आवळून बांधून टाकला होता. गार्ड सताड उघडा आणि प्रेस चालू. ऑपरेटर पत्र्याचा तुकडा हाताने डायवर (प्रेसमधल्या साच्यावर) ठेवत होता, हात बाहेर काढत होता, पॅडल दाबत होता, परत हात आत. तारेवर तेलाचा आणि धुळीचा काळा थर बसला होता, म्हणजे ती काल-परवा बांधलेली नव्हती. मी विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, गार्ड लावून टार्गेट होत नाही." इतक्या सहज म्हणाला की क्षणभर मला माझाच प्रश्न चुकल्यासारखं वाटलं.

वर आले आणि मागच्या बारा महिन्यांचे सेफ्टी रिपोर्ट काढले. दर महिन्याला एक पान. "अपघात: शून्य. मशीन गार्डिंग: समाधानकारक." खाली कन्सल्टंटची सही.

आता प्रश्न. मला मशीनमधलं काही कळत नाही, तरी मी जबाबदार कशी? "सुरक्षेची सर्व जबाबदारी तुमची" असं पत्र मॅनेजरांच्या नावाने काढलं तर चालतं का? घरात सगळे तेच सुचवताहेत. आणि समजा सही केली, तर सोमवारी सकाळी मी नेमकं काय करायचं?

लेबर_लॉ

ताई, पत्रापासून सुरुवात करते, कारण असं पत्र घेऊन माझ्याकडे नेहमी कुणी ना कुणी येतं. त्या पत्राने काम सोपवता येतं. ऑक्युपायर म्हणून असलेली जबाबदारी सोपवता येत नाही.

त्याला कारण आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ऑक्युपायर म्हणजे कारखान्याच्या कारभारावर ज्याचं अंतिम नियंत्रण आहे तो, अशी मुख्य व्याख्या होती. मग कंपन्या एखाद्या पगारी अधिकाऱ्याचं नाव द्यायच्या. खटला उभा राहिला की आरोपी तो, आणि पैसा व निर्णय ज्यांच्या हातात ते नामानिराळे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुगळती झाली. पुढे १९८७ च्या दुरुस्तीने कलम २(एन) मध्ये स्पष्ट आलं की कंपनी असेल तर तिच्या संचालकांपैकी एक जण ऑक्युपायर मानला जाईल. कंपन्या त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या. १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या निकालात कोर्टाने तो प्रश्न संपवला: संचालकच हवा, अधिकारी किंवा नोकर चालणार नाही. शिवाय या गुन्ह्यांत वाईट हेतू सिद्ध करावा लागत नाही. कर्तव्य मोडलं गेलं, एवढं पुरतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याची २०२० ची संहिता लागू झाली आणि जुन्या अधिनियमाची जागा तिने घेतली. संचालकच ऑक्युपायर, हा नियम तिच्यातही आहे. फक्त स्वतंत्र संचालकाला, म्हणजे कंपनीत हितसंबंध नसलेल्या बाहेरच्या संचालकाला वगळलंय, आणि तुम्ही स्वतंत्र संचालक नाही. तिच्या कलम १०३ प्रमाणे कर्तव्यात कसूर होऊन माणूस दगावला तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडातली निदान निम्मी रक्कम वारसांना द्यायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ वेगळं, त्यात ५ वर्षांपर्यंत.

"मला मशीनमधलं कळत नाही" याचं उत्तर तुम्हाला तुमच्याच कागदांत मिळेल. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३४(५) खाली संचालकांच्या अहवालात दरवर्षी लिहून दिलं जातं की लागू असलेल्या सर्व कायद्यांचं पालन व्हावं म्हणून योग्य यंत्रणा उभी केली आहे, ती पुरेशी आहे आणि परिणामकारकपणे चालते आहे. सर्व कायदे म्हणजे फक्त जीएसटी आणि आयकर नव्हे. कलम १६६ मध्ये संचालकाने कुणाचं हित बघायचं ते सांगितलंय, त्यात भागधारकांबरोबर कर्मचारीही आहेत. म्हणजे नऊ वर्षं हे कर्तव्य तुमच्यावर आहेच. नव्या फॉर्मवर त्याच्यापुढे तुमचं नाव लिहिलं जाणार, इतकंच.

जुन्या अधिनियमात कलम १०१ होतं, ते अजूनही वाचण्यासारखं आहे. त्यात ऑक्युपायरला सुटायला वाट होती, पण त्याने सिद्ध करायचं की कायदा पाळला जावा म्हणून मी योग्य दक्षता घेतली, आणि हा गुन्हा दुसऱ्याने मला न कळता, माझ्या संमतीशिवाय केला. ब्रिटनच्या १९७४ च्या कायद्याचं कलम ३७ हेच दुसऱ्या बाजूने सांगतं: गुन्हा संचालकाच्या संमतीने, संगनमताने किंवा दुर्लक्षामुळे घडला असेल तर कंपनीबरोबर तोही दोषी. दुर्लक्ष हा शब्द तिथे मुद्दाम घातलेला आहे. न बघणं हाही त्यात दोषच.

ताई, तुम्ही ती तार पाहिलीत. त्या क्षणापासून "मला माहीत नव्हतं" हे वाक्य तुम्हाला वापरता येणार नाही. सही केली नाहीत तरी वापरता येणार नाही. आज, सोमवारची वाट न बघता, ती प्रेस थांबवायला सांगा. लेखी सांगा, फोनवर नको.

निवृत्त_सेफ्टी

वकीलताईंनी कायदा नीट सांगितलाय. मी ३१ वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो, तीन कारखान्यांत. तुमच्या "अपघात: शून्य" या ओळीवर मला लिहायचंय.

माझा दुसरा कारखाना रबराचा. तिथे टू-रोल मिल असते. दोन जाडजूड रोल एकमेकांकडे आत फिरतात आणि त्यांच्यामध्ये रबर मळलं जातं. ऑपरेटर समोर उभा राहून सुरीने शीट कापतो, गुंडाळी करतो, परत आत सोडतो. हात रोलच्या तोंडापर्यंत जातोच. म्हणून एक ट्रिप बार असतो. हात ओढला जाऊ लागला की तो ढकलायचा, ब्रेक लागतो, रोल थांबतात. किती अंतरात थांबतात, त्यावर बोट जाणार की हात जाणार ते ठरतं.

मी दर महिन्याला खडूने चाचणी घ्यायचो. रिकाम्या रोलवर खडूने आडवी रेघ मारायची, मिल चालू करायची, रेघ ठरलेल्या जागी आली की बार ढकलायचा. मग ती रेघ किती पुढे जाऊन थांबली ते टेपने मोजायचं. ब्रेक चांगला असला की रेघ दोन-चार बोटं सरकून थांबते. चार नंबरच्या मिलवर ती आधी एक वीत गेली. पुढच्या महिन्यात दीड वीत. त्यानंतर जवळजवळ अर्धा फेरा.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं, "मिल क्र. ४, ब्रेकिंग अंतर वाढलेले, ब्रेकचे लायनर बदलणे आवश्यक." सात महिने लिहिलं. माझा रिपोर्ट अकरा पानांचा असायचा. वर्क्स मॅनेजर त्याचा एक परिच्छेद करायचे. हेड ऑफिसमध्ये परिच्छेदाची एक ओळ व्हायची. संचालकांसमोर तो जायचा तेव्हा नुसता आकडा उरायचा. शून्य. विषयपत्रिकेवर सेफ्टी सगळ्यात शेवटी, आयत्या वेळच्या विषयांच्या आधी. लायनर बदलायला मिल दोन दिवस बंद ठेवावी लागली असती आणि हातात मोठी ऑर्डर होती.

आठव्या महिन्यात, दुसऱ्या पाळीत, एका माणसाचा उजवा हात कोपरापर्यंत गेला. त्याने बार ढकलला होता. वेळेवर ढकलला होता. हे मी नेहमी आधी सांगतो, कारण चौकशीतला पहिला प्रश्न तोच होता.

संचालक हॉस्पिटलमध्ये आले. व्हरांड्यात माझ्याजवळ उभे राहून म्हणाले, "मला हे कुणी सांगितलंच नाही." ते खोटं बोलत नव्हते. सात वेळा लिहिलेलं कुठे थांबलं ते मी नंतर एकेक कागद काढून पाहिलं. कुणीही खोडलेलं नव्हतं. प्रत्येकाने फक्त थोडक्यात लिहिलं होतं. मीसुद्धा नवव्या पानावर लिहून माझं काम झालं असं मानत होतो. त्यांना हाताला धरून मिलपाशी आणायला हवं होतं, ते मी केलं नाही. याचं दुःख मला आहे.

असं फक्त आमच्याकडे झालं असं समजू नका. ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून "हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ" नावाची फेरीबोट पुढचे दरवाजे उघडे असतानाच निघाली आणि काही मिनिटांत कलंडली. १९३ माणसं गेली. दरवाजे लावायची ज्याच्यावर जबाबदारी होती तो खलाशी केबिनमध्ये झोपला होता, आणि बहुतेकांना तेवढंच आठवतं. चौकशीत मात्र असंही निघालं की त्या कंपनीच्या कप्तानांनी आधीच मागणी केली होती: ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, एक दिवा बसवा, म्हणजे दरवाजे लागलेत की नाही ते आम्हाला तिथूनच कळेल. किनाऱ्यावरच्या साहेबांनी ती उडवून लावली. अपघातानंतर बाकीच्या जहाजांवर तेच दिवे काही दिवसांत बसले. न्यायमूर्ती शीन यांनी अहवालात ठपका ठेवला की वरपासून खालपर्यंत या कंपनीला ढिसाळपणाचा रोग जडला होता. तरी १९९० मध्ये कंपनीवरचा मनुष्यवधाचा खटला टिकला नाही. तेव्हाच्या कायद्यात वरच्या कुणातरी एका माणसाचा पुरता दोष दाखवावा लागायचा आणि मोठ्या कंपनीत तो दहा टेबलांवर वाटलेला असतो. पुढे ब्रिटनने २००७ मध्ये कंपनीलाच मनुष्यवधासाठी दोषी धरणारा वेगळा कायदा केला. त्याखालची पहिली शिक्षा २०११ मध्ये झाली, तीही एका छोट्या कंपनीला, आधार न लावलेल्या खड्ड्याची माती ढासळून एक तरुण गेला म्हणून. तेव्हा "आपण लहान आहोत, आपल्याला कोण विचारतंय" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

आणि शून्याबद्दल. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या रिगवर स्फोट झाला, ११ माणसं गेली. त्या दिवशी कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी तिथे भेटीला आले होते. सात वर्षांत कामाचा एकही दिवस बुडवणारी दुखापत झाली नाही, याचं कौतुक त्या भेटीत होणार होतं. आकडा खरा होता. पण घसरून पडणं, बोट चेमटणं यांचा तो आकडा. विहिरीतला गॅस वर येतोय का, याबद्दल त्यातून काहीच कळत नव्हतं.

तुमच्या सोमवारबद्दल. न्यूझीलंडमध्ये १९ नोव्हेंबर २०१० ला पाइक रिव्हर कोळसा खाणीत २९ माणसं गेली. तिथल्या चौकशी आयोगाने संचालक मंडळाकडेही बोट दाखवलं, आणि २०१५ च्या नव्या कायद्यात संचालकाने काय करायचं ते कलम ४४ मध्ये सरळ लिहिलं गेलं. आपल्या धंद्यातले धोके समजून घे. त्यासाठी माणसं, पैसा, साधनं दे. धोक्याची माहिती तुझ्यापर्यंत येईल आणि तिच्यावर वेळेत काही होईल अशी व्यवस्था कर. आणि ती व्यवस्था खरंच वापरली जाते का, ते तपास. आपल्या कायद्यात इतकं सुटं करून लिहिलेलं नसलं, तरी संचालकाचं काम कुठल्याही देशात हेच आहे. तपासणं सगळ्यात जास्त राहून जातं, आणि ते करायला इंजिनिअर असावं लागत नाही. आमच्या संचालकांनाही ब्रेक लायनरमधलं काही कळत नव्हतं. खडूची रेघ मात्र त्यांना दिसत होती.

अपघातानंतर ते दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाळी बदलताना खाली यायचे आणि प्रत्येक मिलची खडूची चाचणी समोर करून घ्यायचे. पहिल्या दोन फेऱ्यांत त्यांचं एक चुकलं. काही बिघडलेलं दिसलं की "कुणी केलं हे?" विचारायचे. तिसऱ्या फेरीत कुणी काही दाखवेना. मग मी धीर करून त्यांना तसं सांगितलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. त्यानंतर विचारायचे, "हे दुरुस्त व्हायला काय अडलंय?" उत्तर वहीत लिहायचे आणि पुढच्या महिन्यात तीच वही घेऊन यायचे. पुढे मेंटेनन्सवाले ते येण्याआधीच चाचणी करून, लायनर मागवून मोकळे होऊ लागले.

तुम्हीही शून्य मागू नका. किती गार्ड उघडे सापडले, किती थोडक्यात चुकले ते सांगा म्हणावं, आणि सेफ्टीचा कुठला इंडेंट (सामानाची मागणी) किती दिवसांपासून कुणाच्या टेबलावर पडलाय तेही. विषयपत्रिकेवर हा विषय पहिला घ्या.

सी_शिफ्ट

मॅडम, मी प्रेस ऑपरेटर आहे, १४ वर्षं झाली. दुसऱ्या कंपनीत, पण प्रेस सगळीकडे सारखीच. तार कुणी बांधली ते शोधत बसू नका. का बांधली ते विचारा. मी सांगतो.

गार्ड खाली-वर करायला दर पीसला दोन-तीन सेकंद जातात. टार्गेट ठरवायला स्टॉपवॉच घेऊन माणूस आला होता तेव्हा गार्ड उघडा होता. मग तो आकडा गार्ड लावून निघणार कसा? दुसरं, स्विचमध्ये तेल शिरतं आणि प्रेस मध्येच थांबते. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत वीस मिनिटं. तो ब्रेकडाउन ऑपरेटरच्या नावावर चढतो, इन्सेंटिव्ह कापला जातो. दोन वेळा कापला की तिसऱ्या वेळी माणूस तार शोधतो.

नवीन कंत्राटी पोरगा येतो तेव्हा त्याला तार बांधलेलीच दिसते. त्याला वाटतं मशीन असंच असतं. आमच्याकडे अशाच एकाची दोन बोटं गेली, एकवीस वर्षांचा होता. त्याच्या रिपोर्टवर "कामगाराचा निष्काळजीपणा" लिहिलं. त्या मशीनवर तो येऊन चार दिवस झाले होते.

हात डायमध्ये जायलाच नको असं काहीतरी करा. घसरपट्टी करून पीस सरकवता येतो, लांब चिमटा असतो, मॅग्नेटचा दांडा असतो. आणि ते बनवायच्या आधी मशीनवर बसणाऱ्याला विचारा, पीस कुठे अडकतो ते त्यालाच माहीत असतं.

त्या ऑपरेटरला मेमो देऊ नका एवढी विनंती. दिलात तर पुढच्या वेळी तार दिसणार नाही अशा जागी बांधतील.

सही_बाकी

तुम्हा तिघांची उत्तरं मी प्रिंट काढून फाइलला लावली आहेत. वकीलताई, त्याच संध्याकाळी ईमेल केली आणि तीन नंबरची प्रेस थांबवली. दुसऱ्या दिवशी मॅनेजरांना बरोबर घेऊन सगळ्या नऊ प्रेस बघितल्या. चार ठिकाणी स्विच निकामी केलेला. एकीकडे तार, दोन ठिकाणी टेप, एका ठिकाणी लाकडी पाचर. चारही बंद केल्या. मेमो कुणालाही दिला नाही, आणि तसं पाळी बदलताना सगळ्यांसमोर सांगितलं.

सी शिफ्ट दादा, तुमचं स्टॉपवॉचचं वाक्य वाचून मी जुनी टाइम स्टडीची फाइल शोधली. त्यात गार्डचा उल्लेखच नाही. गार्ड लावून परत वेळ घेतली, तर दर पीसला सव्वादोन सेकंद जास्त लागले. मग मला जे दिसलं ते तुम्हाला सांगायलाच हवं. ग्राहकांना दिलेले दर तासाला किती पीस निघतात त्यावर काढलेत, आणि ते कॉस्टिंग मी केलंय. सहा वर्षं मी उघड्या गार्डचा भाव लावत आले. मला मशीनमधलं कळत नाही असं मी वर लिहिलं होतं. ते वाक्य मी मागे घेते.

मीटिंगमध्ये वाद झाला. माल वेळेवर गेला नाही तर ऑर्डर जाईल असं धाकट्या काकांचं म्हणणं, आणि ते चूक नाही. एका ग्राहकाला मी स्वतः फोन करून आठ दिवस मागून घेतले, दुसरा अजून तयार नाही. टार्गेट बदललं, आणि ब्रेकडाउन ऑपरेटरच्या नावावर चढवणं बंद केलं. विरोध कुणाचा, कशासाठी, सगळं मिनिट्समध्ये लिहून घेतलं. कन्सल्टंटना विचारलं की "समाधानकारक" लिहिताना ते कुठल्या प्रेससमोर उभे होते. ते गप्प राहिले. पुढच्या महिन्यापासून त्यांची फेरी माझ्याबरोबर.

फॉर्मवर सही केली.

सेफ्टीवाले काका, एक विचारायचंय. घसरपट्टी आणि नवीन स्विच शुक्रवारपर्यंत बसतील. प्रेस परत चालू करायला सांगण्याआधी मी स्वतः काय काय बघू? खडूसारखं काही, जे मला डोळ्यांनी दिसेल.

निवृत्त_सेफ्टी

ताई, डायमध्ये कुणाचा हात नसताना, प्रेस रिकामी चालवून बघा. गार्ड उघडा ठेवून ऑपरेटरला पॅडल दाबायला सांगा. रॅम, म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा भाग, हलता कामा नये. मग गार्ड लावून एक स्ट्रोक घ्या आणि पॅडल दाबूनच ठेवायला सांगा. रॅम एकदा खाली येऊन वर थांबला पाहिजे. परत खाली आला तर प्रेस चालू करू नका, क्लच उघडायला लावा. हे एकदा बघून भागत नाही, वीस वेळा करा आणि मोजा.

पॅडलवर वरून झाकण आहे का बघा. नसेल तर पत्र्याचा तुकडा पडूनही स्ट्रोक बसतो.

डाय बदलताना एकदा उभ्या राहा. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील (प्रेसचं जड चाक) बराच वेळ फिरत असतं. ते पूर्ण थांबल्याशिवाय आणि रॅमखाली ठोकळा लावल्याशिवाय कुणी आत हात घालतोय का, ते बघा. तो ठोकळा कुठे ठेवलाय हे तिथल्या माणसाला विचारा. शोधाशोध करावी लागली तर तो वापरात नाही असं समजा आणि प्रत्येक प्रेसला साखळीने बांधलेला एक ठोकळा करून घ्या.

आणि रात्रपाळीलाही एक चक्कर मारा.